जुनी मोटार आणि नवे पट्टे

घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या वस्तूंचे दोन वर्ग पडतात. आजीचें तांब्याचें घंगाळ, आजोबांचा सागवानी पलंग, देवघरांतील समई या वस्तु जितक्या जुन्या तितक्या चांगल्या. त्यांना थोडी चिंच, थोडें पॉलिश किंवा एखादी पाचर पुरते. दुसरा वर्ग विहिरीच्या दोरासारख्या वस्तूंचा. रहाट शंभर वर्षें टिकेल. दोर मात्र वरचेवर बदलावा लागतो, आणि तो बदलतांना "वडिलांच्या हातचा दोर" म्हणून कोणी हळहळत नाहीं. जुन्या मोटारींतील सीटबेल्ट, म्हणजे आसनाचे पट्टे, हे या दुसऱ्या वर्गांतले होत. परंतु मोटारीच्या धन्यांच्या मनांत ते पहिल्या वर्गांत जाऊन बसले आहेत. इंजिन उघडून नवें केलें जातें, रंग दोनदां चढतो, गाद्यांना नवें रेक्झिन येतें. पट्टे तेवढे "मूळचे आहेत, राहूं द्या" असें म्हणून राखले जातात.

आपल्याकडे जुनी मोटार म्हटली म्हणजे दोनच नांवें डोळ्यांपुढें येतात : फियाट आणि अँबॅसेडर. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट तयार होई. तीच पुढें १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून ओळखली जाऊं लागली, आणि २००० सालाच्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें. अँबॅसेडर मात्र २०१४ पर्यंत निघत होती. आतां पट्ट्यांचें पाहूं. १९९३ सालच्या नियमदुरुस्तीनें एक वर्षाची मुदत देऊन नव्या मोटारींना पुढच्या दोन आसनांसाठीं पट्टे देणें कारखानदारांवर बंधनकारक झालें. म्हणजे मार्च १९९४ पासून. मागच्या आसनाची पाळी त्यानंतर कांहीं वर्षांनीं आली. तेव्हां ज्या घरीं १९७८ ची पद्मिनी आहे तिला बहुधा पट्टे नसतातच, आणि ज्या घरीं १९९५ ची आहे तिचे पट्टे तीस वर्षांचे झाले आहेत. पहिल्या घराला आपल्याजवळ कांहीं नाहीं हें निदान ठाऊक असतें. दुसऱ्या घराची गोष्ट अधिक वाईट, कारण तेथें खांद्यावरून पट्टा ओढल्याचें समाधान तेवढें शिल्लक असतें.

हा पट्टा करतो तरी काय, याचा हिशेब अंकगणिताचा आहे. मोटार ताशीं ५० किलोमीटर वेगानें जात असतां झाडावर आदळली आणि आंतला मनुष्य सुमारें अर्ध्या मीटरच्या अंतरांत थांबला, तर त्याला थांबविण्यास त्याच्या वजनाच्या जवळजवळ वीसपट जोर लागतो. ६० किलोच्या माणसासाठीं हा जोर १२ क्विंटल भरतो. मोंढ्यांत कापसाची गाडी तोलतांना ज्यांनीं १२ क्विंटल पाहिले आहेत त्यांना हा आंकडा अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं. पट्ट्याची पट्टी दीड हजार किलोच्या आंत तुटतां कामा नये, असा आंतरराष्ट्रीय दंडक ठेवलेला आहे तो यासाठींच. आणि याच हिशेबानें १२ किलोचें मूल मांडीवर घेतलेल्या आत्याबाईंना त्या क्षणीं अडीच क्विंटलांचें ओझें धरून ठेवावें लागेल. "मी घट्ट धरलेंय हो त्याला" हें वाक्य आपण प्रत्येक प्रवासांत ऐकतों. त्यांतील माया खरी असते. हातांचें बळ तेवढें नसतें.

कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा तीन टोकांचा पट्टा व्होल्व्हो कंपनींतील स्वीडिश एंजिनियर नील्स बोलिन यांनीं तयार केला, व १९५९ पासून तो मोटारींत बसूं लागला. हे गृहस्थ त्यापूर्वीं विमानांतून वैमानिकाला आसनासकट बाहेर फेंकणारीं यंत्रें करीत असत! कंपनीनें या शोधाचें पेटंट इतर कारखानदारांना खुलें ठेविलें. व्यापाऱ्यांच्या हातून असें औदार्य क्वचितच घडतें, म्हणून येथें नोंदविलें.

आतां ही पट्टी मरते कशी? ती पॉलिएस्टरच्या किंवा नायलॉनच्या धाग्यांची घट्ट विणलेली असते, आणि त्या धाग्यांचा मोठा वैरी सूर्यप्रकाश. परभणीकडे मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या पुढें जातो. अंगणांत उभ्या राहिलेल्या बंद मोटारीच्या आंत त्याहून कितीतरी अधिक उष्णता साठते, आणि कांचेलगतचा पट्टा ती वर्षानुवर्षें सोशीत असतो. दुसरा वैरी आपली काळी माती. तिची बारीक धूळ विणींत शिरून बसते, आणि पट्टा प्रत्येक वेळीं गुंडाळला-उलगडला गेला कीं कानशीप्रमाणें धाग्यांवर चालते. वरून पट्टा काळाभोर दिसतो. कडांना बोट लावलें तर लव सुटल्यासारखी लागते. कडा विरलेल्या असणें, रंग उडून पट्टा करडा पडणें, पट्टी कडक होणें, शिवण उसवणें यांपैकीं एक खूण जरी आढळली तरी तो पट्टा बाद समजावा. ज्या मोटारीला पूर्वीं मोठा अपघात झाला असेल तिच्या पट्ट्याची तपासणीहि करूं नये; तो सरळ काढावा. एकदां पूर्ण ताण सोसलेली पट्टी आंतून ताणलेली असते, व तें डोळ्यांना दिसत नाहीं.

पुष्कळांचा समज असा कीं, हिसका देऊन ओढल्यावर पट्टा अडकला म्हणजे तो चांगला. अडकतें तें रीळ. हिसका बसला किंवा गाडी एकाएकीं थांबली कीं त्यांतील चाप दांत्यांत बसतो. रीळ अडकत नसेल तर पट्टा निकामी हें खरें. परंतु रीळ अडकतें म्हणून पट्टी शाबूत आहे असें मात्र सिद्ध होत नाहीं. कुलूप लागतें म्हणून दाराची फळी वाळवीनें खाल्लेली नाहीं, असें कोण म्हणेल?

बदलण्याचें काम तसें अवघड नाहीं, पण तें ज्याच्या त्याच्या हातीं देण्याजोगेंहि नाहीं. जुन्या बकलांत नवी पट्टी घालून मोच्याकडून किंवा सीटकव्हरवाल्याकडून शिवून घेण्याचा मोह होतो, तो टाळावा. पट्ट्याच्या शिवणीचा दोरा, टांका आणि नक्षी हीं सर्व त्या १२-१५ क्विंटलांसाठीं आंखलेलीं असतात. भंगारांतून काढलेला पट्टाहि नको. तो कोणत्या अपघातांतून आला हें विकणारा सांगत नाहीं. शिवाय नव्या गाड्यांच्या पट्ट्यांत पुष्कळदां दारूच्या स्फोटानें पट्टा आंवळणारी नळी असते. तिला इशारा देणारी यंत्रणा पद्मिनींत नाहीं, आणि असा भाग हाताळणें धोक्याचें. मानकाची खूण असलेला, साधा, नवा, रिळाचा किंवा हातानें लांबी जुळविण्याचा पट्टाच घ्यावा. रीळ ज्या कोनांत बसविण्यासाठीं बनविलें असेल त्याच कोनांत बसवावें. तें तिरकें बसलें तर एक तर सदोदित अडकून राहतें, नाहीं तर वेळेवर अडकत नाहीं.

बोल्टकडेहि दुर्लक्ष करूं नये. पट्ट्याचे बोल्ट बहुतेक ७/१६ इंची, इंचाला २० बारीक आटे असलेले आणि उंची पोलादाचे असतात. पेठेंतला साधा १२ मिलिमीटरचा बोल्ट आटे कापून दामटून बसविण्याची मिस्त्रीमंडळींना संवय असते. तो बसतो, आणि चाचणीच्या दिवशीं निघून हातांत येतो.

परंतु खरा प्रश्न बोल्ट कशांत बसतो हा आहे. फियाटला काय किंवा अँबॅसेडरला काय, ट्रकासारखी निराळी चासी नाहीं. पत्र्याचा सांगाडा हाच त्यांचा कणा. त्या पातळ पत्र्याला भोंक पाडून वॉशर लावून पट्टा जखडला तर हिसक्यासरशीं बोल्ट पत्रा फाडून बाहेर येईल. म्हणून ज्या गाडींत मुळांत सोय नाहीं तेथें पत्र्याच्या मागें जाड पोलादी पट्टी वेल्ड करून जोर मोठ्या क्षेत्रावर वांटावा लागतो, आणि दाराखालचा व तळाचा पत्रा गंजलेला असेल तर प्रथम तो बदलावा लागतो. जुन्या फियाटांच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर असत. खांद्याचा पट्टाहि त्याच खांबावर येणार, तेव्हां तेथें अधिक विचार हवा. पट्टा आसनाच्या चौकटीलाच बांधून मोकळें होणें हा उपाय नव्हेच. हें काम अनुभवी डेंटर आणि जाणता एंजिनियर यांनीं मिळून करावें. आमच्या मतें येथें वांचविलेला पैसा सर्वांत महाग पडतो.

मागच्या आसनाचा विचार तर बहुतेक घरीं होतच नाहीं. एकत्र कुटुंबांत पुढें बसतात दोन कर्ते पुरुष. मागें वडील माणसें, सुना आणि मुलें. श्रावणांत गंगाखेडावरून परळीला वैजनाथाच्या दर्शनास जातांना हीच मांडणी असते. त्याच परळीचे गोपीनाथ मुंडे केंद्रीय मंत्री होऊन आठवडाच झाला होता. ३ जून १९१४ नव्हे, ३ जून २०१४. गोष्ट इतकी अलीकडची आहे. दिल्लींत सकाळीं विमानतळाकडे जातांना चौकांत दुसरी मोटार त्यांच्या मोटारीवर आदळली आणि मागच्या आसनावर बसलेले मुंडे दगावले. पट्टा लावला असता तर ते वांचले असते, असें तेव्हांचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन, जे स्वतः डॉक्टर, त्यांनीं उघड बोलून दाखविलें. ४ सप्टेंबर २०२२ रोजीं पालघर जिल्ह्यांत सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले तेहि मागच्या आसनावरून. मोटार अत्यंत भारी होती. पुढचे दोघे जबर जखमी होऊनहि जगले, मागचे दोघे गेले, आणि मागच्यांनीं पट्टे लावले नव्हते असें पोलिसांनीं सांगितलें. तेव्हां खर्च करावयाचाच तर मागच्या आसनासाठींहि करावा. तेथेंहि तीन टोकांचाच पट्टा उत्तम. नुसता कमरेचा पट्टा माणसाला बाहेर फेंकूं देत नाहीं, पण पोटाला व कण्याला इजा करूं शकतो. कोणताहि पट्टा कमरेच्या हाडावर यावा, पोटावर नव्हे. गर्भिणीनें तर हें विशेष पाहावें.

कायद्याचें थोडेंसें. ज्या गाडीला नियमानें पट्टे दिलेले आहेत तींत ते लावलेच पाहिजेत. २०१९ च्या दुरुस्तीपासून त्यासाठीं १,००० रुपये दंड आहे. ज्या गाडीला पट्टे मुळांतच नव्हते तिच्यावर ही सक्ति नाहीं, आणि म्हणूनच ती गोष्ट घरच्या विचारावर राहते. पन्नास वर्षांवरील मोटारींची 'विंटेज' म्हणून निराळी नोंदणी २०२१ पासून होते. अशा गाडीच्या सांगाड्यांत व इंजिनांत मोठा फेरफार चालत नाहीं, आणि तिला रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर आणतां येत नाहीं. पहिल्या पद्मिनींनीं आतां पन्नाशी ओलांडली आहे. ज्यांना ती नोंदणी करावयाची असेल त्यांनीं सांगाड्याला वेल्डिंग करण्यापूर्वीं परभणीच्या परिवहन कार्यालयांत लेखी विचारून उत्तर जपून ठेवावें.

नवे पट्टे बसल्यावर रिकाम्या रस्त्यावर, मागें कोणी नसतांना, मंद वेगांत एकदां ब्रेक दाबून प्रत्येक आसनावरचा पट्टा अडकतो कीं नाहीं तें पाहावें. ते कोमट पाण्यानें व साध्या साबणानें धुवावेत. ब्लीचिंग किंवा रंग लावूं नये. गाडी उन्हांत उभी करावी लागली तर कापडाची खोळ घालावी. काढलेले जुने पट्टे कात्रीनें मधोमध कापून मगच भंगारवाल्याला द्यावेत, नाहीं तर दुसऱ्या कोणाच्या मोटारींत ते 'मूळचे' म्हणून बसतील. बकल सुबक असून तें ठेवण्याची फारच इच्छा असेल, तर पट्टीपासून सोडवून खुशाल कपाटांत ठेवावें.