करकंब आणि ग्रामीण कलाश्रयाची व्यवस्था

लोकांच्या पैशातून लोकांसाठी कला उभी करायची आणि तिचा कारभार एका स्थानिक मंडळाकडे सोपवायचा, ही पद्धत पाश्चात्त्य देशांत दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. ब्रिटनचे कला मंडळ १९४६ मध्ये स्थापन झाले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्ये बांधकाम खर्चाचा ठरावीक हिस्सा कलाकृतींसाठी राखून ठेवण्याचा नियम केला. अशा तरतुदीला मराठीत 'कलांश-निधी' म्हणता येईल. तेथील नगरांच्या कला आयोगांची कामे साधारणतः दोन प्रकारची असतात. चौक, उद्याने आणि सार्वजनिक इमारतींत शिल्पे व भित्तिचित्रे उभारणे हे पहिले, आणि उत्सव, शिबिरे व स्थानिक कलासंस्थांना अर्थसाहाय्य देणे हे दुसरे.

महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्याने असे स्वतंत्र मंडळ निर्माण केलेले नाही. म्हणून सोलापूर जिल्ह्यातील करकंबसारख्या मोठ्या गावात ही दोन्ही कामे कोण करते, हे शोधताना एकाच दारी जाऊन भागत नाही. काही काम ग्रामपंचायत करते, काही जिल्हा पातळीवर होते, काही मुंबईतील संचालनालयांतून चालते. उरलेले, आणि माझ्या मते सर्वांत मोठे, काम वर्गणीतून होते.

करकंब पंढरपूर तालुक्यात, पंढरपूरच्या उत्तरेला आहे. त्र्यंबकेश्वरहून निघणारी संत निवृत्तिनाथांची पालखी आणि पैठणहून येणारी संत एकनाथांची पालखी आषाढी वारीत या गावावरून पंढरीकडे जातात. संत सावता माळी यांचे अरण हे गाव याच परिसरात, शेजारच्या माढा तालुक्यात आहे. त्याच तालुक्यातील मोडनिंब संगीत बारीच्या कलाकेंद्रांसाठी सर्वदूर परिचित आहे. पश्चिमेला माळशिरस तालुक्यातील अकलूज आहे. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म पंढरपूरचा, चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांचाही पंढरपूरचाच, आणि शाहीर अमर शेख यांचा बार्शीचा. भजन, भारूड, गोंधळ, हलगी, धनगरी ओव्या, गजी नृत्य, लावणी अशा इतक्या कला एकाच टापूत नांदत असताना त्यांच्या आश्रयाची व्यवस्था नीट समजून घेणे अगत्याचे ठरते.

या व्यवस्थेचे मूळ गावगाड्यात आहे. वाद्ये वाजवणारे, गोंधळ घालणारे, देवापुढे गाणारे यांचा वाटा गावाच्या धान्यात आणि देवाच्या मानपानात ठरलेला असे. गावची जत्रा भरली की पंच वर्गणी गोळा करत आणि तमाशाचा फड ठरवत. ही रीत आजही टिकून आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा समित्या तेथे जाऊन सुपारी देतात आणि तारीख पक्की करतात. शासनाचा एक कागदही न हलता ग्रामीण महाराष्ट्रातील मोठा कलाव्यवहार असा पार पडतो, हे आपल्या सांस्कृतिक इतिहासातील दुर्लक्षित सत्य आहे.

स्वातंत्र्यानंतर शासन या क्षेत्रात आले. केंद्राची संगीत नाटक अकादमी, साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात आकाराला आल्या. हौशी रंगकर्मींसाठीची राज्य नाट्य स्पर्धा त्याच सुमारास सुरू झाली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर १९६५ मध्ये दृश्यकलांसाठी कला संचालनालय निर्माण झाले. प्रयोगात्म कलांचे काम सांस्कृतिक कार्य संचालनालयाकडे आहे. नाट्य स्पर्धा, शाहिरी, तमाशा व कीर्तन यांची प्रशिक्षण शिबिरे, लोककलेचे महोत्सव आणि तमाशा फडांसह विविध लोककला पथकांना अनुदान, असा त्याच्या कार्याचा विस्तार आहे. राज्याचे पहिले सविस्तर सांस्कृतिक धोरण २०१० मध्ये जाहीर झाले. त्याच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आ. ह. साळुंखे होते.

करकंबच्या कलावंताच्या घरापर्यंत यातले थेट काय पोहोचते? प्रामुख्याने वृद्ध कलावंतांचे मानधन. ही योजना १९५४-५५ पासून चालत आलेली आहे. पूर्वी तिच्यात राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक अशी प्रतवारी होती आणि अनुक्रमे दरमहा ३,१५०, २,७०० व २,२५० रुपये मिळत. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचे नाव देण्यात आले, प्रतवारी गेली आणि सर्वांना दरमहा ५,००० रुपये असा एकच दर झाला. मला हा बदल रकमेच्या वाढीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. जन्मभर आपल्याच पंचक्रोशीत हलगी वाजवणारा माणूस जुन्या पद्धतीत तिसऱ्या श्रेणीत पडे. त्याची कला उणी होती म्हणून नव्हे, तर ती ज्या गावाची होती त्या गावातच ती राहिली म्हणून. गावाची कला गावात राहणे हे न्यूनत्व मानण्याचे कारणच नव्हते.

पन्नाशी ओलांडलेला, कलेच्या किंवा साहित्याच्या क्षेत्रात किमान १५ वर्षे काम केलेला आणि वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत असलेला कलावंत या मानधनाला पात्र ठरतो. दिव्यांग कलावंतांना वयाची सवलत आहे. निवड जिल्हा पातळीवरील समिती करते आणि लाभार्थ्याच्या पश्चात मानधन पती किंवा पत्नीला सुरू राहते. खरी अडचण पुराव्याची आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि वयाचा दाखला मिळवता येतो. पण कलेचा पुरावा म्हणून कार्यक्रमांच्या पत्रिका, वृत्तपत्रांतील कात्रणे, प्रमाणपत्रे, आकाशवाणीची पत्रे मागितली जातात. नाटकात काम करणाऱ्याकडे हे सारे असते. लग्नाच्या वरातीत वाजवणारा, रात्रभर गोंधळ घालणारा, वारीत दिंडीपुढे मृदंग वाजवणारा यांच्या कलेची नोंद कुणी कागदावर केलेलीच नसते. त्यांना बिदागी मिळते, पावती मिळत नाही.

सार्वजनिक दृश्यकलेची व्यवस्था याहून निराळी आहे. महाराष्ट्राच्या गावांतील तिचे सर्वांत ठळक रूप पुतळ्याचे असते. थोर व्यक्तीचा पुतळा उभारायचा तर स्थानिक संस्थेचा ठराव, जागेच्या मालकीची निश्चिती, पोलिसांचे ना-हरकत आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीची परवानगी अशी वाट आहे. पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते. चेहऱ्याचे साम्य, शरीराचे प्रमाण आणि पोशाखाची कालानुरूपता हे त्यामागचे कलात्मक प्रश्न आहेत. बांधकामाची भक्कमता हा स्वतंत्र तांत्रिक प्रश्न आहे आणि मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळल्यानंतर त्याचे गांभीर्य सर्वांनाच उमगले. छोट्या गावाच्या पुतळ्यालाही मुंबईतील कलातज्ज्ञाच्या दृष्टीखालून जावे लागते, ही तरतूद मला योग्य वाटते. मूर्तिकार गावोगावी सारख्याच कसबाचा नसतो आणि एकदा चौकात बसवलेला पुतळा पुढच्या कित्येक पिढ्यांनी पाहायचा असतो.

भिंतीच्या कलेला मात्र अशी कुठलीच शिस्त नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० मध्ये सुरू झाल्यावर महाराष्ट्राच्या खेड्यांत घराघरांच्या भिंतींवर सुविचार आणि चित्रे उमटली. जिल्हा परिषद शाळांच्या 'बोलक्या भिंती' हा त्याच परंपरेचा शैक्षणिक भाग आहे. पाढे, नकाशे, फळे-फुले आणि संतांची चित्रे रंगवणारा तो गावचा पेंटर दुकानांच्या पाट्याही रंगवतो. छापील फ्लेक्स आल्यापासून त्याचे काम आटले. शाळेच्या भिंतीचे काम त्याला मिळत राहिले, तर त्याचा हात टिकेल.

लोककार्यक्रमांसाठीचा कायदेशीर आधार ग्रामपंचायतीपाशी आहे. १९५८ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत ग्रंथालये, वाचनालये आणि सांस्कृतिक उद्दिष्टे यांचा समावेश ग्रामपंचायतीच्या कार्यात केलेला आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम १९६७ चा आहे; त्याखाली मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ ते ड अशा वर्गांनुसार अनुदान मिळते. ज्या गावात ग्रंथालय जिवंत असते तिथे व्याख्यानमाला आणि शाहिरी कार्यक्रमांना छप्पर मिळते. वारीच्या काळात तर पालखीच्या वाटेवरचे अवघे गावच यजमान होते. दिंड्यांचे भजन, कीर्तन आणि भारूड यांसाठी तिकीट नसते. अन्नदान, पाणी आणि निवारा हेच त्या कलेचे अनुदान असते.

स्थानिक पुढाकारातून एका कलेला किती बळ मिळू शकते याचा जवळचा दाखला अकलूजचा आहे. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ १९९० च्या दशकात तेथे राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. पारंपरिक लावणीचा आग्रह, पथकांना पारितोषिके आणि स्त्रियांनाही निःसंकोच बसता येईल असे वातावरण ही तिची वैशिष्ट्ये होती. कलाकेंद्रांच्या बैठकीत वावरणारी लावणी तिने मोकळ्या मंचावर आणली. शासनाचा आयोग येईल याची वाट न पाहता सहकाराच्या परंपरेतील माणसांनी हे काम केले, आणि तेही वर्षानुवर्षे.

करकंबला असा भव्य मंच उभारण्याची निकड नाही. ग्रामसभेच्या एका ठरावाने करता येण्याजोगे काम मात्र हाताशी आहे. ते म्हणजे गावच्या कलावंतांची नोंदवही. कोण हलगी वाजवतो, कुणाचे भजनी मंडळ किती वर्षांपासून चालू आहे, गोंधळी, वासुदेव, पेटीवाले, मूर्तिकार, पेंटर कोण आहेत, कोणत्या यात्रेत कुणी काय सादर केले आणि काय बिदागी मिळाली, हे सारे ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी तारीखवार लिहिलेले असावे. ती वही मानधनाच्या अर्जाला जोडता येईल, शाळेला शिबिरासाठी कलावंत शोधून देईल आणि वर्गणी जमवणाऱ्या समितीला आधी आपल्याच गावचा माणूस सापडेल. नोंदींची सुरुवात वयाने सर्वांत ज्येष्ठ कलावंतापासून व्हावी, कारण त्याची माहिती लवकर लिहिली गेली नाही तर ती विचारायला पुढे कुणी उरणार नाही.