जुनी लढाऊ विमाने उतरताना

विमानाचा अपघात म्हटला की आकाशातून कोसळणारे विमान आपल्या डोळ्यांसमोर येते. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लढाऊ विमानांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ती आकाशात चपळ असतात. त्यांच्या वैमानिकाची खरी परीक्षा जमीन जवळ आल्यावर सुरू होते.

विद्यार्थी मित्रांनो, इंग्लंड, अमेरिका, नॉर्वे अशा देशांत विमानांच्या कसरतींचे कार्यक्रम होतात. तेथे सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीची विमाने नीट दुरुस्त करून उडवून दाखवतात. ती पाहण्यासाठी हजारो लोक जमतात. या विमानांतील सर्वांत नावाजलेले विमान म्हणजे स्पिटफायर.

स्पिटफायर आपल्याला परके नाही. ते भारतीय हवाई दलातही होते. १९४७ साली काश्मीरच्या लढाईत त्याचा उपयोग झाला. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते १९७८ ते १९८१ या काळात हवाई दलाचे प्रमुख होते आणि १९८२ ते १९८५ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते. महायुद्धाच्या दिवसांत, तरुण वयात, त्यांनी इंग्लंडमध्ये हरिकेन आणि स्पिटफायर चालवण्याचे शिक्षण घेतले होते.

पुढे जेट विमाने आली आणि स्पिटफायर मागे पडले. १९७० नंतरच्या दशकात भारतात पडून असलेली अनेक स्पिटफायर विमाने परदेशी संग्राहकांनी विकत घेतली. त्यांतील एकाचा क्रमांक एसएम ८४५ असा होता. ते दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागले. २१ ऑगस्ट २०१० रोजी नॉर्वेमधील टिन्सेट येथे कार्यक्रमासाठी हे विमान आले होते. धावपट्टीवर उतरताना ते नाकावर कलंडले आणि उलटे झाले. वैमानिकाचा मृत्यू झाला.

जमिनीला चाके टेकल्यावरही विमान उलटे कसे होते? याचे उत्तर विमानाच्या रचनेत आहे.

आजच्या बहुतेक विमानांना नाकाखाली एक चाक असते आणि मुख्य चाके मागे, पंखांच्या जवळ असतात. स्पिटफायरची रचना याउलट आहे. त्याची दोन मुख्य चाके पुढे आहेत आणि एक लहानसे चाक शेपटीखाली आहे. त्यामुळे विमानाचा बराचसा भार मुख्य चाकांच्या मागे पडतो. हातगाडी पुढून ओढली तर ती मुकाट्याने मागून येते. तीच गाडी मागून ढकलली आणि चाक दगडाला लागले, तर तिचे तोंड फिरते. स्पिटफायर धावपट्टीवर धावते तेव्हा त्याचा भार चाकांना असाच मागून ढकलत असतो. थोडी दिशा चुकली की शेपूट पुढे येऊ पाहते आणि विमान गरकन फिरते.

दुसरी अडचण चाकांमधील अंतराची. स्पिटफायरचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे अकरा मीटर लांब आहेत. पण दोन मुख्य चाकांत अंतर आहे जेमतेम पावणेदोन मीटर. पाय जवळ ठेवून उभ्या राहिलेल्या माणसाला जसा लहानसा धक्काही पुरतो, तसेच या विमानाचे होते. बाजूने जोराचा वारा आला की ते एका अंगावर कलू लागते. पूर्वीचे विमानतळ म्हणजे गवताची मोठी मैदाने असत. वारा जिकडून येई तिकडे तोंड करून वैमानिक उतरत असे. आजची धावपट्टी एकाच दिशेची असते. वारा मात्र कोठूनही येतो.

तिसरी अडचण ब्रेकची. उतारावर सायकलचा फक्त पुढचा ब्रेक जोराने दाबला तर काय होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मागचे चाक उचलले जाते आणि चालवणारा पुढे फेकला जातो. स्पिटफायरचे ब्रेकही पुढच्या दोन चाकांनाच आहेत आणि नाकात जड इंजीन आहे. जास्त ब्रेक लागला किंवा चाक मऊ जमिनीत रुतले, तर शेपूट वर उठते आणि नाक जमिनीला लागते.

शिवाय, शेपूट जमिनीवर असताना लांब नाक वर उचललेले असते. त्यामुळे वैमानिकाला समोरची धावपट्टी दिसत नाही. म्हणून तो वळण घेत घेत खाली येतो आणि शेवटच्या क्षणी विमान सरळ करतो. वेग कमी झाला की शेपटीवरून वाहणारी हवाही कमी होते आणि सुकाणू नीट काम करत नाही. म्हणजे जेव्हा ताबा सर्वांत जास्त हवा, तेव्हाच तो सर्वांत कमी असतो.

काळजी घेऊनही यंत्र दगा देते. जर्मनीचे एक मेसरश्मिट १०९ विमान १९४२ साली उत्तर आफ्रिकेत दोस्त राष्ट्रांच्या हाती लागले होते. अनेक वर्षे खपून ते दुरुस्त केले गेले आणि १९९१ साली पुन्हा उडाले. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी इंग्लंडमधील डक्सफर्ड येथे इंजिनात बिघाड झाल्यामुळे ते घाईने उतरवावे लागले. धावपट्टी संपली, विमान मोठा रस्ता ओलांडून शेतात गेले आणि उलटले. सुदैवाने वैमानिक वाचला. त्यानंतर ते दुरुस्त करून संग्रहालयात ठेवले. १९९१ सालीच एक हरिकेन विमान इंजीन बंद पडल्याने विटरिंग येथे उतरताना जळाले. त्याच्या दुरुस्तीच्या खर्चासाठी एक स्पिटफायर विकावे लागले. ते हरिकेन १९९८ साली पुन्हा उडाले.

मग अशी विमाने उडवावीत की संग्रहालयात ठेवावीत? काही लोक म्हणतात की इंजिनाचा आवाज ऐकल्याशिवाय विमान समजत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण टिन्सेटला उलटलेले ते स्पिटफायर दुरुस्त झाले आणि पुन्हा आकाशात गेले. त्याचा वैमानिक मात्र परत आला नाही. यंत्राला नवे भाग बसवता येतात, माणसाला नाही. म्हणून जुने विमान उडवायचेच असेल, तर वारा, जमीन आणि इंजीन यांची खात्री करूनच उडवावे. मनात शंका आली तर कार्यक्रम रद्द करावा. हजारो प्रेक्षक वाट पाहत असताना 'आज नाही' असे म्हणायलाही धैर्य लागते.

दिल्लीला पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात स्पिटफायर आणि हरिकेन ठेवलेली आहेत. आपल्याला गोवा जवळ आहे. तेथे बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात 'सी हॉक' हे जेट लढाऊ विमान आहे. कधी गेलात तर आधी त्याची चाके पाहा. नाकाखालचे चाक दिसले की स्पिटफायरची आठवण करा आणि या एका चाकाने वैमानिकाची किती काळजी कमी केली, ते आपल्या सोबत्यांना समजावून सांगा.