पैसे नावाने जात नाहीत

क्यूआर कोडवर डकवलेल्या स्टिकरांबद्दल या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते पुढे ढकलतो. गेल्या लेखातल्या ‘खातं बदललंय’ मेलवर शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीमालकांनी असा प्रश्न पाठवलाय, की त्याला अख्खा लेख द्यायलाच हवा.

त्यांच्याकडे नेमका तसाच मेल आला होता. ‘ऑडिट चालू असल्याने आमचं नेहमीचं खातं तात्पुरतं बंद आहे, या बिलाची रक्कम खालील खात्यावर पाठवावी.’ पिग आयर्नचं बिल खरं, रक्कम खरी, लेटरहेडही हुबेहूब. पैसे गेले आणि पुढच्या आठवड्यात पार्टीचा फोन आला, ‘साहेब, आमच्या पेमेंटचं बघा की जरा!’ मालक विचारतात, ‘आरटीजीएसच्या फॉर्मवर पार्टीचं नाव होतं, खातं निघालं भलत्याच माणसाचं. बँकेने नाव न बघता पैसे जमा केलेच कसे?’

नाव बघण्याचं बंधनच बँकेवर नव्हतं. आरटीजीएस आणि एनईएफटीचे पैसे केवळ खाते क्रमांकावरून जमा करायला रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्येच मुभा दिली. क्रमांक अचूक भरण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची. फॉर्मवर आपण नाव लिहितो आणि मनाची समजूत होते की कुणीतरी ते ताडून बघणार आहे. व्यवहार मात्र क्रमांकावर पुरा होतो. भामट्यांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ते नाव तुमच्या पार्टीचंच ठेवतात आणि फक्त क्रमांक बदलतात.

ही फट आता बरीचशी बुजली आहे. ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना सांगितलं, की १ एप्रिल २०२५ पर्यंत आरटीजीएस-एनईएफटीसाठी नाव दाखवण्याची सोय द्या. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की खातेदाराचं बँकेतलं नाव समोर येतं. नेट बँकिंगवर आणि शाखेतही ही सोय आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत. नवीन बेनिफिशियरी जोडताना ते नाव वाचा. घाईत ‘पुढे’ दाबू नका.

पण तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमाशाउस्कासने २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुक यांच्याकडून १२ कोटी डॉलरहून जास्त रक्कम उकळली. तैवानची क्वांटा कॉम्प्युटर ही या दोघांची खरी पुरवठादार. त्याने त्याच नावाची कंपनी लॅटव्हियात नोंदवली, तिच्या नावाने बँकेत खाती उघडली आणि खोटी बिलं पाठवत राहिला. नाव ताडून बघणाऱ्यालाही तिथे सगळं जुळलेलंच दिसलं असतं! डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली.

मग बिलाचा अचूक आकडा चोराला कळतो कसा? बहुतेक वेळा तुमची किंवा पार्टीची मेलपेटी तो आधीपासून वाचत असतो. पासवर्ड हाती लागला की सेटिंगमध्ये एक छोटा नियम घालून ठेवतो: ‘इन्व्हॉइस’ किंवा ‘पेमेंट’ शब्द असलेला प्रत्येक मेल बाहेरच्या पत्त्यावर पाठवायचा. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहू शकतो. म्हणून आजच ‘फिल्टर’ आणि ‘फॉरवर्डिंग’ ही दोन पानं उघडा आणि अनोळखी पत्ता दिसला तर काढून टाका. पाठवणाऱ्याचा पत्ताही अक्षर-अक्षर वाचा. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी-शेजारी ठेवले, तर मोबाइलच्या पडद्यावर भल्याभल्यांना फरक दिसत नाही.

काहीजण नव्या खात्यावर एक रुपया टाकतात आणि ‘मिळाला का?’ असं मेलवरच विचारतात. ‘मिळाला’ असं उत्तर येतंच, कारण ते चोरच देतो! खातं बदलल्याचा निरोप आला की पार्टीला फोन करायचा, आणि तोही तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर. मेलखाली दिलेल्या नंबरवर नाही. ओळखीच्या माणसाचा आवाज ऐकून होकार मिळाल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत.

हा नियम मालकालाही लागू हवा. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून एक कोटीहून जास्त रक्कम गेली, ती तिथले सीईओ अदर पूनावाला यांच्या नावाने आलेल्या व्हॉट्सॲप संदेशांवरून. ‘मीटिंगमध्ये आहे, ताबडतोब पाठवा’ असा धन्याचा निरोप आल्यावर उलट विचारायची हिंमत किती अकाउंटंटना होते? ती हिंमत मालकाने द्यायची असते. आजच तुमच्या अकाउंटंटला समोर बसवून सांगा, ‘माझ्या नावाने निरोप आला तरी मला फोन केल्याशिवाय पैसे सोडू नका. उशीर झाला तर मी बोलणार नाही.’ आणि उशीर होईल तेव्हा खरंच बोलू नका.

तरीही पैसे गेलेच, तर पार्टीशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि आपल्या बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यांत फिरवली जाण्याआधी गोठवता आली, तरच परत मिळण्याची आशा असते.

स्टिकरांचं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर गल्ल्यावरचा क्यूआर कोड आपल्याच मोबाइलवरून स्कॅन करून नाव कुणाचं येतं ते बघून ठेवा. लेख तिथूनच सुरू करणार आहे.