काचेच्या टाकीतला ‘सकर’ धरणात सोडू नका!

मच्छीमार बंधूंनो, उजनीच्या पाण्यात जाळं ओढताना रोहू-कटल्याबरोबर काळपट, ठिपक्याठिपक्यांचा, खरखरीत अंगाचा एक मासा तुम्ही पाहिला असेल. तोच ‘सकर’. बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही, आणि परांचे काटे अडकून जाळं फाटतं ते वेगळंच!

हा मासा इथला नव्हे. त्याचं मूळ घर दक्षिण अमेरिकेत, अमेझॉन व ओरिनोको नद्यांच्या खोऱ्यांत. अंगावर खवल्यांऐवजी हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत. तोंड खालच्या बाजूला. त्याने दगडा-लाकडाला चिकटून तो शेवाळ खरवडून खातो. पाण्यात प्राणवायू कमी पडला तर वर येऊन हवा गिळतो व पोटातून श्वास घेतो. म्हणूनच पाण्याबाहेरही तो कित्येक तास जगतो. नर काठाच्या मातीत बीळ कोरतो, मादी त्यात शेकडो अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. अशा बिळांनी काठ ढासळतात.

मेक्सिकोतल्या इन्फिएर्निलो धरणात तर चिलापीच्या जाळ्यात हाच मासा भरून येऊ लागला आणि मच्छीमारांचा धंदा बसला.

मग हा इकडे आला कसा? शोभेच्या माशांच्या दुकानातून. ‘काच साफ ठेवतो’ म्हणून आपण दोन-तीन इंचांचं पिल्लू हौसेनं आणतो. पण तोच पुढे फूट-दीड फूट वाढतो. नुसत्या शेवाळावर त्याचं भागत नाही. काकडी, उकडलेला दुधी द्यावा लागतो. लपायला लाकडाचा ओंडका लागतो. घाणही फार करतो, म्हणून दर आठवड्याला थोडं पाणी बदलावं लागतं. मोठ्या टाकीची सोय असेल तरच तो आणा.

टाकी लहान पडू लागली तर दुकानदाराला परत द्या, नाहीतर मोठी टाकी असणाऱ्याला द्या. पण दया येऊन ओढ्यात, शेततळ्यात, धरणात सोडू नका. शेततळं पावसात भरून वाहिलं की मासा ओढ्याला लागलाच म्हणून समजा!

आणि जाळ्यात सापडला तर परत पाण्यात टाकू नका. काठावर जिवंत फेकलात तर सरपटत पुन्हा पाणी गाठेल. मारून खड्ड्यात पुरा. एकदा धरणात बस्तान बसलं की त्याला पुरता हटवणं फार अवघड. एका टाकीची अडगळ अख्ख्या धरणाच्या गळ्यात कशाला बांधायची?