त्रास नाही म्हणजे बीपी नाही?

बीपी वाढलं की डोकं दुखतं, चक्कर येते, मान जड होते, असा आपल्याकडे पक्का समज आहे. म्हणून ज्याला यातलं काहीच होत नाही, तो निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात बहुतेकांचा वाढलेला रक्तदाब काहीही जाणवू देत नाही. आतल्या आत मात्र रक्तवाहिन्या, हृदय, मूत्रपिंडं आणि मेंदू यांचं नुकसान चालूच असतं. त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ हा पुरावा इथे चालत नाही. निवांत पाच मिनिटं बसून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, वेगवेगळ्या दिवशी घेतलेलं माप सातत्याने १४०/९० किंवा त्याहून जास्त आलं, तर तो उच्च रक्तदाब.

गोळ्या मध्येच सोडल्या जातात, त्याच्या मुळाशीही हाच समज आहे. माप १३०/८० आलं की ‘आता बरा झालो’ असं वाटतं. पण ते माप गोळीमुळेच आलेलं असतं आणि ती थांबली की दाब बहुधा पुन्हा चढतो. गोळीची सवय लागते, किडनी खराब होते, असाही आक्षेप असतो. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही, आणि मूत्रपिंडं निकामी होण्याच्या प्रमुख कारणांपैकी एक उच्च रक्तदाबच आहे. दुष्परिणाम खरे आहेत: अॅम्लोडिपिनने काहींचे पाय सुजतात, रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो. पण त्यावर उपाय डॉक्टरांकडून गोळी बदलून घेणं हा आहे. वजन, व्यायाम, मीठ यांकडे लक्ष दिलं तर काहींचा डोस कमी होतो. तोही डॉक्टरांनी ठरवायचा. मिठाच्या बाबतीत सैंधव वापरून सुटका नाही, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. दिवसाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे आणि लोणचं, पापड, फरसाण त्यातच धरायचं.

‘वय झालं की बीपी वाढणारच’ हा शेवटचा बचाव. वयाबरोबर दाब वाढतो हे खरं, पण म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हायव्हेट’ चाचणीत ऐंशी आणि त्यापुढच्या ३,८४५ रुग्णांचा अभ्यास झाला; औषध घेणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळलं. ऐंशीनंतरही उपचारांचा एवढा फायदा होत असेल, तर चाळिशीत टाळाटाळ करण्याला काहीच आधार उरत नाही. तेव्हा त्रासाची वाट पाहू नका. तिशी ओलांडली असेल तर वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजून घ्या, आणि सुरू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.