चांदीचा कस आणि चांदीची निगा



कामगार संघटनेच्या माणसाने चांदीच्या दागिन्यांवर का बोलावे, असा प्रश्न आपल्याला पडेल. आपल्या खानदेशात कापूस वेचणाऱ्या बाईच्या पायातील तोरड्या, मुलाच्या कमरेचा करदोडा, सुनेची जोडवी ही घरची शिल्लक असते. आजारपणात किंवा पेरणीच्या तोंडावर हीच चांदी गहाण पडते, नाही तर मोडीत निघते. अशा वेळी तिचा कस किती, हा प्रश्न मजुरीच्या दराइतकाच मोलाचा ठरतो.

शुद्ध चांदी फार मऊ. तिची साखळी लवकर वाकते व झिजते. म्हणून तीत तांबे मिसळतात. हजार भागांत ९२५ भाग चांदी असली, की तिला स्टर्लिंग म्हणतात. इंग्लंडात १३०० साली पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्याने सोनारांना हे प्रमाण लावून दिले. नाव परके असले, तरी वस्तू ओळखीची आहे. आपला राणीछाप रुपया एक तोळ्याचा असे आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी असे, म्हणजे हजारी सुमारे ९१७. असे रुपये आटवूनही दागिने घडत. १९४० साली रुपयातील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ साली निकेलचा रुपया निघाला. म्हणून जुना रुपया मोडण्यापूर्वी त्यावरील साल वाचावे.

आता हिशेब पाहा. दोनशे ग्रॅमच्या तोरड्या ९२५ कसाच्या असतील, तर त्यांत १८५ ग्रॅम चांदी. ८०० कसाच्या असतील, तर १६० ग्रॅम. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, पण फरक दोन तोळ्यांहून अधिक! भारतीय मानक ब्यूरोने १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कला सहा अंक-अक्षरांच्या ओळखक्रमांकाची जोड दिली. ही पद्धत ऐच्छिक म्हणून सुरू झाली. तेव्हा गिऱ्हाइकाने आपण होऊन विचारले पाहिजे. पावतीवर वजन, कस आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी.

चांदी काळी पडली म्हणजे ती खोटी, हा समज चुकीचा आहे. हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे तिच्यावर काळा थर चढतो. तो राखेने खसखसून घासला, तर खालची चांदीही थोडी थोडी जाते. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात कढत पाणी घ्यावे, त्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकावा आणि दागिना तळाला टेकवून ठेवावा. गंधक चांदीला सोडतो. चांदी जागच्या जागी राहते. मग स्वच्छ पाण्याने धुऊन दागिना कोरडा करावा. खडे बसवलेले, लाख भरलेले किंवा मुद्दाम काळी झाक दिलेले दागिने मात्र असे बुडवू नयेत. ते मऊ फडक्याने पुसावेत. दागिने कोरड्या सुती कापडात गुंडाळून बंद पिशवीत ठेवावेत. रबर आणि लोकर यांपासून दूर.

दागिना उजळायला दिलात, तर देताना आणि घेताना दोन्ही वेळा वजन करा. गहाण ठेवताना ‘चांदीचे नग दोन’ एवढ्या मोघम पावतीवर परत फिरू नका; वजन आणि कसही लिहून घ्या. आपल्या घामाची मिळकत आपल्या डोळ्यांसमोर काट्यावर चढली पाहिजे, असे म्हणण्यात संकोच कसला?