घरातले फेरेट आणि धुऱ्यावरचे मुंगूस

मृगाच्या सरी येण्यापूर्वी शेत आणि गोठा मोकळा करावयाचा असतो. सरपणासाठी रचून ठेवलेला पऱ्हाटीचा ढीग तेव्हा हलविला जातो, आणि पांढुर्णा वा सौंसरकडील एखाद्या वाडीत त्या ढिगाखाली मुंगसाची दोन-तीन पिल्ले सापडतात. माणसांची चाहूल लागताच आई पळालेली असते. पिल्लांचे डोळे अद्याप मिटलेले असतात. घरातील मुले हट्ट धरतात, की एक तरी पिल्लू पाळू या. आजोबांना गारुड्याजवळ दोरीने बांधलेले मुंगूस आठवते. नागपुरास शिकणारा नातू आपल्या फोनवर परदेशातील एका घराचे चित्र दाखवितो. मुंगसासारखेच लांबट आणि केसाळ असे एक जनावर तेथे कोचावर लोळत आहे आणि त्याच्यासाठी आणलेल्या दुसऱ्या जोडीदाराशी झोंबाझोंबी करीत आहे. तिकडे लोक पाळतात, मग आपण का पाळू नये, असा त्याचा प्रश्न असतो.

प्रश्न साधा आहे आणि त्यामागे जिव्हाळाही आहे. म्हणूनच त्याचे उत्तर केवळ 'नको' या एका शब्दाने देऊन भागत नाही.

चित्रातील जनावर मुंगूस नव्हे. त्याचे नाव फेरेट. दोघांची शरीरे लांबट, पाय आखूड आणि बिळात शिरण्याची हौस सारखी. परंतु रूपातले हे साम्य नात्यातले नव्हे. फेरेट हे पाणमांजराच्या कुळातले जनावर आहे. मुंगूस त्या मानाने मांजर आणि तरस यांना जवळचे. दोघांच्या पूर्वजांना बिळातील भक्ष्य पकडावयाचे होते, म्हणून निसर्गाने दोघांना एकाच साच्याचे अंग दिले, एवढेच.

खरा भेद मात्र निराळाच आहे. फेरेट हे मनुष्याने घडविलेले पाळीव जनावर आहे. युरोपातील पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्यापासून दोन हजारांहून अधिक वर्षांच्या सहवासाने ते तयार झाले. भूमध्य समुद्रातील बेटांवर सशांनी पिकांचा फडशा पाडला, तेव्हा बिळांत अशी जनावरे सोडून ससे बाहेर काढीत, असे स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवले आहे. पिढ्यान्‌पिढ्या मनुष्याने त्यांतील शांत, न चावणारी पिल्ले निवडली आणि त्यांचीच वीण पुढे चालविली. त्यामुळे आजचे फेरेट रानात सोडले तर बहुधा तगत नाही; घर हेच त्याचे रान झाले आहे. विज्ञानावरही या प्राण्याचे उपकार आहेत. 1933 साली लंडनमध्ये इन्फ्लुएन्झाचा मानवी विषाणू प्रथम वेगळा करण्यात आला तो फेरेटांच्याच साहाय्याने, कारण मनुष्याचा हा ताप फेरेटास सहज जडतो.

तथापि फेरेटाबरोबर राहणे म्हणजे नुसती मौज नव्हे. ते दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपते, आणि उरलेल्या वेळात घरातील एकही फट धुंडाळल्यावाचून सोडीत नाही. रबराचा तुकडा दिसला की ते गिळते, आणि मग आतड्यात अडथळा होऊन शस्त्रक्रियेची पाळी येते. ते निव्वळ मांसाहारी आहे. त्याचे आतडे इतके आखूड, की खाल्लेले अन्न तीन-चार तासांत बाहेर पडते. म्हणून त्याला दिवसातून अनेक वेळा खावे लागते. कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर हा रोग झाला, तर ते बहुधा वाचत नाही, यासाठी लस टोचावी लागते. त्याच्या अंगाला एक उग्र वास असतो, तो कितीही न्हाऊ घातले तरी जात नाही. आणि आपल्याकडील माणसाने विशेष लक्षात ठेवावे असे हे, की त्याला उन्हाळा सोसत नाही. हवेची उष्णता तीस अंशांवर गेली की ते धापा टाकू लागते. वैशाखात जेथे पारा चाळिसांच्या पुढे जातो, त्या सौंसरच्या पत्र्याच्या घरात या प्राण्याचे काय होईल, हे सांगावयास नको.

युरोप-अमेरिकेत फेरेट पाळणारे पुष्कळ लोक एकावर थांबत नाहीत. हे जनावर सोबतीचे भुकेले असते. जोडीदार मेला, तर कित्येकदा मागे राहिलेले खाणे सोडते आणि कोपऱ्यात पडून राहते. टाकून दिलेल्या फेरेटांसाठी तेथे आश्रयस्थाने आहेत, आणि समंजस माणूस दुसरे जनावर तेथूनच घरी आणतो. परंतु आणले आणि पिंजऱ्यात सोडले, असे तो करीत नाही. नव्या पाहुण्यास प्रथम काही दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात, म्हणजे त्याला एखादा रोग असल्यास तो उघड होतो. मग दोघांची अंथरुणे अदलाबदल करतात, कारण या प्राण्यांची पहिली ओळख डोळ्यांनी नव्हे, नाकाने होते. त्यानंतर दोघांपैकी कोणाचीही हक्काची नसलेल्या जागी त्यांची भेट घडवितात. मानगूट धरून लोळवणे ही त्यांची रीतच आहे. तेवढ्याने घाबरावयाचे नसते. रक्त निघाले किंवा एखादे भीतीने किंचाळू लागले, तर मात्र दोघांना तत्काळ वेगळे करतात. खाण्याची भांडी वेगळी, निजण्याच्या झोळ्या वेगळ्या. असे काही आठवडे गेल्यावर एके दिवशी दोघे एकाच झोळीत एकमेकांच्या अंगावर पडून झोपलेले आढळतात, आणि घरच्या माणसांच्या कष्टांचे चीज होते.

आता धुऱ्यावरच्या मुंगसाकडे वळू. पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींचा 2023 साली छिंदवाड्यापासून निराळा जिल्हा झाला. परंतु मुंगसाच्या दृष्टीने हा सारा संत्री-कापसाचा मुलूख जुनाच आहे. संत्र्याच्या बागेचे काटेरी कुंपण, कापसाच्या शेताचा धुरा, गावाबाहेरचा दगडांचा ढीग ही त्याची घरे. आपल्याकडे दिसते ते करडे मुंगूस. वजन सुमारे एक ते दीड किलो, शेपूट जवळजवळ अंगाइतकीच लांब. ते दिवसा हिंडते आणि उंदीर, किडे, सरडे, पाली, अंडी, कधी पडलेले फळ, असे जे मिळेल ते खाते. सकाळी ते आडवे गेले तर दिवस चांगला जाईल असे वडीलधारी माणसे म्हणतात, आणि त्याने वळून तोंड दाखवावे म्हणून मुले त्याला रामाची शपथ घालतात.

सापाशी असलेल्या त्याच्या वैराची कीर्ती तर सर्वश्रुत आहे. मुंगूस विषावर उतारा म्हणून कसलीशी मुळी खाते, अशी समजूत आहे. ती खरी नव्हे. त्याच्या स्नायूंत, ज्या ठिकाणी नागाच्या विषाने चिकटावयाचे असते, त्या ठिकाणाची घडणच निराळी असते, त्यामुळे विष तेथे नीट बसत नाही. तरीदेखील पुरेसा मोठा दंश झाला तर मुंगूस मरू शकते. त्याचे खरे चिलखत म्हणजे त्याची चपळाई आणि फुलविलेले राठ केस.

अशा उपयोगी जनावरास मनुष्याने घरात का आणले नाही? तसे आणलेही. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात ब्राह्मणाच्या घरी मुलासारख्या वाढविलेल्या मुंगसाची गोष्ट आहे. तान्ह्या बाळाला सापापासून वाचविणाऱ्या त्या मुंगसाचे रक्ताने माखलेले तोंड पाहून माता त्यालाच ठार करते. अविचाराचे फळ म्हणून ही गोष्ट सांगतात, ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक बारीक खूण आहे. त्या मातेने मुंगसाला स्वतः वाढविले होते, तरी बाळाजवळ त्याला एकटे ठेवण्याचा तिला विश्वास वाटत नव्हता. घरात वाढलेले जनावर आणि घरचे झालेले जनावर यांतला फरक त्या जुन्या कथाकाराला ठाऊक होता.

तो फरक असा. एखादे पिल्लू हाताळून माणसाळविता येते. परंतु त्याने सारी जात पाळीव होत नाही. मुंगसाची वीण मनुष्याने कधी निवडून वाढविली नाही, त्यामुळे प्रत्येक पिल्लू रानटी स्वभाव घेऊनच जन्मास येते. लहानपणी मांडीवर झोपणारे मुंगूस वयात आले की हद्द राखू लागते, खाण्यापाशी हात नेला तर कडाडून चावते. फेरेटाप्रमाणे त्याला जोडीदारही आणून देता येत नाही, कारण करडे मुंगूस बहुधा एकटेच राहते. पिल्ले असली तर तेवढी आईबरोबर हिंडतात. एका खोलीत कोंडलेली दोन मोठी मुंगसे सोबती न होता वैरी होण्याचा संभव अधिक. शिवाय मुंगसाच्या चाव्यातून रेबीज होऊ शकतो. आणि दोरीस बांधून वाढलेल्या मुंगसाला पुढे सोडून दिले, तर शिकार कशी करावी आणि कुत्र्यापासून कसे लपावे, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. ज्याच्यावर माया केली, त्याचेच पाय तोडण्यासारखे हे आहे.

कायदाही हेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मुंगसास संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे, बाळगणे, विकणे हा अपराध असून त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो. त्याच्या केसांपासून चित्रकलेचे कुंचले करीत. त्यासाठी असंख्य मुंगसे मारली गेली आणि चोरून हा व्यापार अजूनही चालतो. शाळेतील मुलासाठी कुंचला घेताना तो कसल्या केसांचा आहे, एवढे विचारणे पालकांच्या हाती आहे.

प्राण्याला त्याच्या जागेवरून उचलून आपल्या सोयीच्या जागी नेले की काय होते, याची साक्ष या दोन्ही जनावरांनी दिली आहे. 1872 साली कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकास नेण्यात आली, उसातील उंदरांच्या नाशासाठी. 1883 साली त्यांची संतती हवाई बेटांवर पोहोचली. उंदीर रात्री हिंडणारे, मुंगूस दिवसाचे. तेव्हा मुंगसांनी तेथील पक्ष्यांच्या अंड्यांवर ताव मारला. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात सशांच्या बंदोबस्तासाठी फेरेटे सोडली, तर ती उडता न येणाऱ्या किवी पक्ष्यांच्या मुळावर आली. 2002 सालापासून त्या देशात फेरेटांची विक्री व पैदास बंद आहे. दोष जनावरांचा नव्हता. त्यांना तेथे नेणाऱ्यांचा होता.

मग त्या पऱ्हाटीखाली सापडलेल्या पिल्लांचे काय करावयाचे? प्रथम हात आवरावा. काड्यांचा आडोसा पुन्हा जेथल्या तेथे ठेवावा, कुत्री बांधावीत, मुलांना घेऊन दूर जावे आणि तो कोपरा दिवसभर मोकळा सोडावा. आई बहुधा जवळच दबा धरून असते. शांतता झाली की ती येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलविते. संध्याकाळपर्यंत ती आली नाही, किंवा एखादे पिल्लू जखमी असले, तर जाड कापड हातावर घेऊन त्याला खोक्यात उबेस ठेवावे आणि वनविभागास कळवावे. गाईचे दूध पाजू नये. पोट बिघडून पिल्लू दगावते. चुकून चावलेच, तर जखम साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्यावी.

राहता राहिला प्रश्न तो जिव्हाळ्याचा. मुंगूस पाळता येत नाही, तरी त्याच्याशी शेजारधर्म पाळता येतो. धुऱ्यावरील सगळे गवत व झुडपे जाळून टाकू नयेत. एक कोपरा राखावा. उंदरांसाठी विष ठेवताना विचार करावा, कारण विषाने सुस्त झालेला उंदीर मुंगसाच्या तोंडी प्रथम पडतो. तक्रार उरते ती कोंबड्यांची. ती खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे खुराड्यास बारीक जाळी आणि जमिनीलगत दगडांची ओळ, मुंगसावर फासा नव्हे. एवढे केले तर बागेला उंदरांचा राखणदार मिळतो, आणि त्याला पगार द्यावा लागत नाही.

फेरेटाला घर द्यावे लागते, कारण मनुष्याने त्याचे रान काढून घेतले. मुंगसाचे रान अजून त्याच्यापाशी आहे. पऱ्हाटीचा तो ढीग एक दिवस उशिरा उचलला, म्हणून शेताचे काही अडत नाही. दुसऱ्या दिवशी मुले हळूच जाऊन पाहतात, तो काड्यांखालची जागा रिकामी असते. मुले थोडी हिरमुसतात. पावसाळा सरता सरता एखाद्या सकाळी कुंपणाच्या कडेने आईमागे दोन करडी पिल्ले पळताना दिसतात, तेव्हा तीच मुले त्यांना रामाची शपथ घालतात.